डब्यातलं पाणी

मुलगी अकरा वर्षांची. चेंजिंग रूममधल्या बाकावर बसलेली, दोन्ही पावलांवर प्लास्टिकच्या पातळ पिशव्या चढवलेल्या, वाण्याकडे मिळतात तसल्या. पिशवी असली की पाय निसटतो आणि सूट घोट्यावरून सहज वर सरकतो, ही युक्ती तिच्या आईला दुसऱ्या एका मुलीच्या आईनं शिकवलेली. घोटा पार झाला आणि खरी झटापट सुरू झाली. आई ओल्या फरशीवर गुडघे टेकून कापड बोटाबोटानं वर ढकलत होती. पेरांनी, नखांनी नाही, कारण नख लागलं की हे कापड फाटतं. मांडीपर्यंत यायला दहा मिनिटं गेली. कमरेशी मुलीनं श्वास रोखून धरला. खांद्यावरचे पट्टे चढवायची वेळ आली तेव्हा आईनं माझ्याकडे पाहिलं.

"ताई, जरा मागनं ओढून धरता का? माझे हात घामेजलेत."

मी धरलं. कापड कापडासारखं लागत नव्हतं. कोरडं, ताठ, हातात कागदासारखं. पट्टा खांद्यावर बसला तेव्हा मुलीच्या तोंडून बारीक "आई गं" निघालं, आणि ती लगेच सावरून उभी राहिली. पुण्यातल्या एका तलावावर वयोगटाच्या स्पर्धा चालू होत्या. तिची पन्नास मीटर फ्रीस्टाइलची हीट होती. जेमतेम अर्ध्या मिनिटाची शर्यत. सूट चढवायला लागली होती बावीस मिनिटं.

"केवढ्याला पडला?" मी विचारलं.

"अठ्ठावीस हजार. या महिन्यात भिशी लागली ना." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. सगळ्यांकडे आहे, मग आपल्या पोरीकडे का नको, एवढाच हिशेब. माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. ते शोधायला मला पोहण्याच्या इतिहासातल्या दोन विचित्र वर्षांकडे जावं लागलं.

*

२८ जुलै २००९. रोम. फोरो इटालिको इथला उघड्यावरचा तलाव. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली पुरुषांची २०० मीटर फ्रीस्टाइलची अंतिम फेरी. एका लेनमध्ये मायकेल फेल्प्स, वर्षभरापूर्वी बीजिंगमध्ये आठ सुवर्णपदकं जिंकलेला. दुसऱ्या लेनमध्ये जर्मनीचा पॉल बिडरमान. बीजिंगमध्ये याच शर्यतीत बिडरमान १ मिनिट ४६.०० सेकंदांत पाचवा आला होता. रोममध्ये त्यानं भिंतीला हात लावला तेव्हा फलकावर १:४२.०० झळकलं. फेल्प्सची वेळ १:४३.२२. एक पूर्णांक बावीस शतांश सेकंद म्हणजे त्या वेगानं सव्वादोन मीटरहून जास्त अंतर. आडव्या झालेल्या उंच माणसाहून लांब.

मी ती शर्यत पुष्कळदा पाहिली आहे. दर वेळी माझं लक्ष बिडरमानच्या कमरेकडे जातं. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये भल्याभल्यांची कंबर बुडायला लागते. पाय जड होतात, लाथेतला जोर जातो, शरीर तिरकं होतं. त्याचं शरीर शेवटपर्यंत पाण्याच्या पृष्ठभागावर आहे. जणू खालून कुणीतरी हात लावून धरलं आहे.

त्याच्या अंगावर अरीना कंपनीचा एक्स-ग्लाइड होता. पॉलियुरेथेनचा, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या रबरासारख्या पदार्थाचा. फेल्प्सच्या अंगावर स्पीडोचा एलझेडआर रेसर होता. आदल्या वर्षी जगातला सर्वांत वेगवान म्हणून गाजलेला हा पोशाख बारा महिन्यांत मागे पडला होता. बिडरमाननं शर्यतीनंतर प्रामाणिकपणे कबूल केलं की पोशाखानं फरक पडतो, आणि त्याच्याशिवायही आपण फेल्प्सला हरवू शकू असा दिवस यावा. मला तो माणूस त्यासाठी आवडतो. फेल्प्सचे प्रशिक्षक बॉब बाउमन मात्र संतापले होते. हे पोशाख बंद होईपर्यंत आपण फेल्प्सला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरवणार नाही, असा त्यांचा सूर होता.

त्या संतापात तथ्य होतं, पण ते अर्धंच. बीजिंगमध्ये वारं फेल्प्सच्या बाजूनं वाहत होतं, तेव्हा हा आवाज त्या गोटातून आला नव्हता.

*

एलझेडआर रेसर फेब्रुवारी २००८मध्ये बाजारात आला. त्यासाठीची कापडं नासाच्या लँगली केंद्रात हवेच्या बोगद्यात तपासली गेली होती. शिवण नव्हती, कापडाचे तुकडे ध्वनिलहरींच्या उष्णतेनं एकमेकांना जोडलेले होते. छाती, पोट, मांड्या इथे पॉलियुरेथेनचे पातळ पट्टे. पोटाभोवती कमरपट्ट्यासारखी घट्ट रचना, शरीर सरळ ठेवणारी. बीजिंगमध्ये पोहण्याचे २५ विश्वविक्रम मोडले, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त सुवर्णपदकं याच पोशाखातल्या खेळाडूंकडे गेली.

त्यातली एक शर्यत सांगते. पुरुषांची ४ बाय १०० मीटर फ्रीस्टाइल रिले. आदल्या दिवशी अमेरिकेनं हीटमध्ये ३:१२.२३ असा विश्वविक्रम केला होता. अंतिम फेरीत अमेरिका ३:०८.२४ वेळेत पहिली आली. फ्रान्स ३:०८.३२, ऑस्ट्रेलिया ३:०९.९१, इटली ३:११.४८, स्वीडन ३:११.९२. पाचवा आलेला संघही आदल्या दिवशीच्या विश्वविक्रमापेक्षा वेगवान! जेसन लीझॅकनं शेवटच्या टप्प्यात अलँ बर्नारला गाठलं ते अविस्मरणीयच होतं, ते त्याच्याकडून कुणी हिरावून घेऊ नये. पण विश्वविक्रम मोडूनही पाचवं येण्याची वेळ आली की मोजपट्टीच सरकली आहे हे उमगायला हवं.

ते उमगलेल्यांत इटलीचे प्रशिक्षक अल्बेर्तो कास्तान्येत्ती होते. त्यांनी याला सरळ 'तांत्रिक डोपिंग' म्हटलं. जपानमध्ये वेगळाच पेच झाला. तिथल्या संघाचा करार देशी कंपन्यांशी होता, आणि खेळाडूंना कळून चुकलं होतं की त्या पोशाखात उतरणं म्हणजे हरायला उतरणं. जून २००८मध्ये कोसुके किताजिमानं एलझेडआर घालून २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा विश्वविक्रम मोडला, आणि जपानच्या संघटनेला आपल्या खेळाडूंना मोकळीक द्यावी लागली. त्याच दिवसांत तो एक टी-शर्ट घालून वावरत असे. पोहणारा मी आहे, अशा अर्थाचे शब्द त्यावर होते. विक्रमवीरालाही हे छातीवर लिहून फिरावं लागावं, हे मला आजही टोचतं.

मग बाकीच्या कंपन्या धावल्या. स्पीडोनं अर्धा पोशाख पॉलियुरेथेनचा केला होता, इटलीच्या जेकेडनं पूर्णच केला. काही खेळाडू एकावर एक दोन सूट घालू लागले, मधल्या फटीत हवा राहते म्हणून. जागतिक संघटनेची, तेव्हाच्या फिनाची, तारांबळ उडाली. मे २००९मध्ये काही पोशाख नाकारले आणि जूनमध्ये त्यांतल्या अनेकांना परवानगी दिली. रोमच्या त्या आठ दिवसांत ४३ विश्वविक्रम झाले. शेवटी शेवटी प्रेक्षकांच्या टाळ्याही थंडावल्या असतील तर त्यांना दोष देता येणार नाही.

*

आता पाण्याकडे येते, कारण या वादाचं मूळ पाण्यात आहे.

आमचं गाव वारणेकाठी. मी पोहायला शिकले विहिरीत. चुलत्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. त्यांनी पाठीला रॉकेलचा पाच लिटरचा रिकामा डबा सुंभानं बांधला. झाकणाच्या कडेनं मेण लावलेलं. काठावरून उडी मारली की फ्रॉकमध्ये हवा भरून तो गळ्यापर्यंत फुगायचा, मग हळूहळू भिजून अंगाला चिकटायचा. डब्यामुळे कंबर वर. हात कसेही मारले, पाय कसेही झाडले तरी बुडायचं भय नाही. माझ्या आज्जीच्या वेळी डब्याच्या जागी वाळका भोपळा असायचा, काम तेच.

माणूस पाण्यात आडवा झाला की पुढचा भाग तरंगतो, कारण छातीत फुप्फुसं आहेत, हवा आहे. मागचा भाग बुडतो, कारण मांड्या म्हणजे हाड आणि स्नायू. पोहणं म्हणजे सर्वांत आधी ही बुडणारी कंबर वर ठेवणं. हात मारणं त्यानंतरचं. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे. शरीर थोडं जरी तिरकं झालं तरी पाण्याला भिडणारा भाग वाढतो आणि वेग मरतो. म्हणून पोहणारा पोटाच्या, पाठीच्या, कुल्ल्यांच्या स्नायूंनी स्वतःला सरळ रेषेत धरून ठेवतो. त्यात ताकद जाते. शेवटच्या पंधरा मीटरमध्ये ती संपते, आणि शर्यती बहुतेक तिथेच हरल्या जातात. पहाटे साडेचारला उठून वर्षानुवर्षं केलेल्या सरावाचा मोठा हिस्सा त्या शेवटच्या पंधरा मीटरमधल्या कमरेसाठी असतो.

पॉलियुरेथेनचा सूट हेच काम आयतं करून द्यायचा. तो पाणी आत येऊ देत नसे आणि हवा धरून ठेवत असे, म्हणून अंग किंचित वर उचललं जाई. इतका आवळून बसे की थुलथुलणारे स्नायू दबून शरीर एका सडसडीत नळीसारखं होई. थकलेल्या पोटाला बाहेरून पट्टा मिळे. ज्याची रेषा मुळातच सरळ आहे त्याला याचा उपयोग कमी, ज्याची कंबर बुडते त्याला जास्त. त्या वेळच्या प्रशिक्षकांची मुख्य तक्रार हीच होती. वेग सगळ्यांचा वाढला असता तर निकाल तरी तोच राहिला असता. इथे क्रम बदलत होता.

म्हणून 'सगळ्यांना सारखाच सूट द्या, मग अन्याय कुठे राहिला' हा युक्तिवाद मला पटत नाही. सारखा डबा सगळ्यांच्या पाठीला बांधला तर चांगला पोहणारा आणि कच्चा पोहणारा यांच्यातलं अंतर कमी होतं. डब्याचं कामच ते आहे.

*

दुसरी बाजू मी टाळणार नाही, कारण ती हलकी नाही. पोहण्याचा पोशाख कधी स्थिर होता? शंभर वर्षांपूर्वी लोकरीचे सूट होते, भिजले की जड होऊन लोंबायचे. मग रेशीम आलं, मग नायलॉन. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर डेनिसवर आक्षेप घेतला गेला, का, तर तिच्या सूटमधून खांद्याची पाती दिसत होती. तिनं सुवर्णपदक जिंकलं. आज त्या आक्षेपाची लाज वाटते. २०००मध्ये सिडनीत इयन थॉर्प गळ्यापासून घोट्यापर्यंत काळा पोशाख घालून पोहला, तेव्हा त्याला परवानगी होती.

बाहेरच्या खेळांतही पाहा. पोल व्हॉल्टमध्ये बांबू जाऊन फायबरग्लास आला आणि खेळच नवा झाला. टेनिसची लाकडी रॅकेट गेली. मॅरेथॉनच्या बुटांत जाड फेस आणि कार्बनची पट्टी आली. जागतिक ॲथलेटिक्सनं २०२०मध्ये त्या तळव्याला ४० मिलिमीटरची मर्यादा घातली, पण बूट राहिले. मग पोहणाऱ्यांनीच का मागे जावं?

माझं उत्तर असं. पोल व्हॉल्टमध्ये काठी आहेच. ती कशी वाकवायची यातच कसब आहे, आणि नवी काठी आली तेव्हा नवं कसब शिकावं लागलं. पोहणाऱ्याच्या हातात काही नाही. सूट घालून काही शिकावं लागत नव्हतं. तो ज्या गोष्टीची जागा घेत होता नेमकी तीच गोष्ट ही शर्यत मोजायला निघाली होती. तलाव खोल केले, लाटा गिळणाऱ्या लेनच्या दोऱ्या आल्या, सूर मारायच्या ठोकळ्याला मागच्या पायासाठी आधार आला, त्यावर माझा काही आक्षेप नाही. ते आठही लेनना सारखं मिळतं आणि आत उतरल्यावर अंग ज्याचं त्यालाच सांभाळावं लागतं.

आणि पोहणं म्हणजे काय याची रेघ या खेळानं पूर्वीही ओढली आहे. १९८८मध्ये अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ बॅकस्ट्रोकमध्ये सुरुवातीचं बरंच अंतर पाण्याखालून, माशासारखे पाय मारत जाई. ते स्वतःच्या अंगबळावर होतं, त्यात कुठलंही यंत्र नव्हतं. तरीही पुढे पंधरा मीटरची मर्यादा आली. अंगभूत कौशल्यालाही जिथे चौकट घातली, तिथे दुकानातून विकत आणलेल्या तरंगण्याला घालायला संकोच कसला?

फिनानं चौकट घातली, उशिरा का होईना. रोममध्येच भरलेल्या महासभेत जवळजवळ एकमतानं ठराव झाला, आणि १ जानेवारी २०१०पासून नियम बदलले. पुरुषांचा पोशाख कमरेपासून गुडघ्यापर्यंत, स्त्रियांचा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. कापड विणलेलं हवं, हवा आरपार जाऊ देणारं. जाडी ०.८ मिलिमीटरच्या आत. चेन नको. तरंगण्याला मदत किती होते तेही मोजायचं.

एक गोष्ट मात्र त्यांनी करायला हवी होती, ती केली नाही. २००८ आणि २००९चे विक्रम तसेच पुस्तकात राहिले, शेजारी साधी खूणही नाही. ते वेगळ्या रकान्यात ठेवले असते तर बिडरमानचाही मान राहिला असता आणि पुढच्या पिढीचाही. त्याची किंमत कुणी मोजली ते पाहा. चीनच्या लिऊ झिगेनं ऑक्टोबर २००९मध्ये २०० मीटर बटरफ्लाय २:०१.८१ वेळेत पोहला. कॅनडाची समर मॅकिंटॉश तेव्हा तीन वर्षांची होती. २०२५मध्ये सिंगापूरच्या जागतिक स्पर्धेत तिनं ही शर्यत २:०१.९९ मध्ये जिंकली, विणलेल्या कापडात. विक्रम ०.१८ सेकंदांनी हुकला. बिडरमानचा १:४२.०० देखील २०२५च्या उन्हाळ्यापर्यंत कुणाला तोडता आलेला नव्हता.

बाकीचे बरेच विक्रम मात्र एकेक करून पडले, आणि ते पडताना पाहणं ही माझ्यासारखीची मोठी मिळकत. बंदीनंतर दीड वर्षानं, २०११मध्ये शांघायला रायन लॉक्टीनं २०० मीटर मेडलीत १:५४.०० वेळ नोंदवली. मोठ्या तलावातला बंदीनंतरचा हा पहिला विश्वविक्रम. फेडेरिका पेलेग्रिनीचा २०० मीटर फ्रीस्टाइलचा १:५२.९८ हा विक्रम मॉली ओकॅलॅहननं २०२३मध्ये मोडला. बिडरमानचा ४०० मीटरचा ३:४०.०७ त्याच्याच देशाच्या लुकास मर्टेन्सनं एप्रिल २०२५मध्ये मोडला. माझ्या मनात घर करून राहिलेला दिवस मात्र १३ ऑगस्ट २०२२चा. रोम, फोरो इटालिको, तोच तलाव. २००९मध्ये ब्राझीलच्या सेझार सिएलोनं तिथे १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.९१ मध्ये पोहला होता. रुमानियाचा डेव्हिड पोपोविच, सतरा वर्षांचा, सडपातळ, कमरेपासून गुडघ्यापर्यंतच्या साध्या कापडात, त्याच पाण्यात ४६.८६ मध्ये भिंतीला पोचला. त्याची कंबर बघा. काठीसारखी सरळ, शेवटपर्यंत, आणि ती त्याची स्वतःची आहे.

*

आपल्याकडे या वादाची झळ कमी पोचली, कारण विश्वविक्रमाच्या आसपास आपण नव्हतो. पण शतांश सेकंदाचं मोल आपल्याला ठाऊक आहे. कोल्हापूरचा वीरधवल खाडे बीजिंगला गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता. २०१०मध्ये, म्हणजे बंदीनंतरच्या पहिल्याच आशियाई स्पर्धेत, ग्वांगझूला त्यानं ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवलं. पोहण्यात भारताला आशियाई पदक मिळालं ते १९८६च्या खजानसिंग यांच्या रौप्यपदकानंतर, चोवीस वर्षांनी. पुढे तहसीलदार झाला, नोकरीपायी तलाव सुटला, परत आला. २०१८मध्ये जकार्ताला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याचं कांस्य एका शतांश सेकंदानं गेलं. त्या वेगाला एक शतांश सेकंद म्हणजे दोन सेंटिमीटर. बोटाचं एक पेर.

तिथे पोशाखानं घोळ घातला नव्हता, नियम सगळ्यांना एकच होता. म्हणूनच ते हरणं स्वच्छ होतं. पदक हुकल्याचं दुःख होतं, पण कुणाच्या अंगावर काय होतं हा प्रश्न नव्हता.

प्रश्न आज खाली, लहान मुलांत आहे. नियमात बसणारे सूटही आता साधे राहिलेले नाहीत. शिवणीऐवजी चिकटवलेले सांधे, कार्बनचे धागे, जबरदस्त आवळ. आठदहा शर्यतींत त्यांचा ताण सैल पडतो आणि मग ते सरावालाच उरतात. ऑलिंपिकच्या खेळाडूनं ते घालावेत, त्याला कंपनी देते. पण अकरा वर्षांच्या मुलीला? अजून तिचे खांदे भरायचे आहेत, लाथ बसायची आहे, वळताना भिंत कुठे येते याचा अंदाज यायचा आहे. सूटनं वाचवलेलं अर्धं सेकंद तिच्या सरांनाही दिशाभूल करतं. ती सुधारली की कापड, हे कळत नाही. आणि शेजारच्या लेनमध्ये, चारशे रुपयांच्या सूटमध्ये उभी असलेली मुलगी ठोकळ्यावर चढण्याआधीच मनानं हरते. ते मी त्याच दिवशी पाहिलं. ती आपल्या फिकट झालेल्या सूटचा काठ सारखा खाली ओढत होती.

अमेरिकेच्या जलतरण संघटनेनं सप्टेंबर २०२०पासून बारा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना स्पर्धेत असे सूट घालायला बंदी केली. भिशीच्या पैशांतून मुलं पोहतात त्या आपल्या देशाला या नियमाची गरज त्यांच्याहून जास्त आहे. जिल्ह्यापासून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत बारा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीनं साध्या सूटमध्ये पोहावं, हा नियम करायला प्रयोगशाळा लागत नाही की पैसा लागत नाही. एक परिपत्रक लागतं.

*

हीट संपली. मुलगी तिसरी आली, अंतिम फेरीत पोचली. आईनं सूट सोलून काढला, तेव्हा मांड्यांवर लाल वळ उठले होते. तिनं तो मऊ टॉवेलवर सावलीत पसरला, उन्हात ठेवायचा नसतो म्हणून. मुलगी जुना, गुडघ्याशी ढगळ झालेला सरावाचा सूट घालून माझ्याशेजारी केळं खात बसली.

"तुम्हाला पोहता येतं?" तिनं विचारलं.

मी तिला विहीर सांगितली, फुगणारा फ्रॉक सांगितला, पाठीचा डबा सांगितला. डबा तिला फार आवडला. केवढा होता, वाजायचा का, सगळं विचारून झालं.

"मग काढला कधी?"

आण्णांनी तो काढला नव्हता. पहिले पाचसहा दिवस डबा रिकामा होता. मग रोज सकाळी, मला दिसणार नाही असं, झाकणाचं मेण काढून ते त्यात एकेक तांब्या पाणी ओतत आणि पुन्हा मेण लावत. पाठीवर डबा आहे या भरवशावर मी विहिरीच्या ह्या काठापासून त्या काठापर्यंत जात राहिले. एक दिवस वर आल्यावर त्यांनी सुंभ सोडलं, झाकण उघडलं, आणि डबा पायरीवर उपडा केला. तो काठोकाठ भरलेला होता.

मुलगी केळं खायची थांबली. "म्हणजे त्या दिवशी तुम्ही नुसत्याच पोहत होता?"

"त्या दिवशी, आणि त्याच्या आदल्या दिवशीही."

तिनं सावलीत पसरलेल्या काळ्या सूटकडे पाहिलं. सर गळ्यातलं घड्याळ सावरत येत होते, पुढच्या शर्यतीआधी अंग मोकळं करायला बोलवत होते. ती उठली, ढगळ सूट एकदा वर ओढला आणि सरावाच्या तलावाकडे पळाली.